दहा कुमारी आणि नऊची कडी

"दृष्टांत ऐकायचा असतो. त्याला उलट प्रश्न विचारायचे नसतात."

हा नियम शमुवेलकाकांनी मला मी फ्रॉक घालत होते तेव्हा सांगितला. आता माझं एम.ए. झालं, इंदूरच्या आमच्या छोट्याशा मराठी ख्रिस्ती मंडळीत मी मुलांची शब्बाथशाळा घेते, आणि नियम तोच आहे. मंडळीचा कारभार बघणाऱ्या ज्येष्ठांना आमच्यात वडील म्हणतात; काका त्यांच्यातले सगळ्यात वडील. प्रभूने दृष्टांत सांगितले ते लोकांनी विचार करावा म्हणून, असं माझं मत. लोकांनी विचार करायची गरज उरू नये म्हणून, असं काकांचं. या दोन मतांच्या मध्ये दर रविवारी एखादा किस्सा होतोच. उपासनेनंतर व्हरांड्यात आम्ही पोरी ते एकमेकींना सांगतो. इतके साठलेत की हल्ली एक चहा पुरत नाही.

*

पेरणाऱ्याचा दृष्टांत होता. बी वाटेवर पडतं, खडकावर पडतं, काट्यांत पडतं आणि काही चांगल्या जमिनीत. काकांनी उपदेशात प्रत्येक जमिनीचा पत्ताच दिला. वाट म्हणजे उपासनेत मोबाइल बघणारे. खडक म्हणजे भंवरकुआंच्या कोचिंगला जाऊन रविवार विसरलेली पोरं. काटे म्हणजे ज्यांच्या घरात बायका जास्त बोलतात ते.

माझ्या वर्गातल्या रूथने हात वर केला. "काका, मग चांगली जमीन कोण?"

काका चक्क लाजले. "बेटा, ते मी स्वतःच्या तोंडाने कसं सांगू?"

*

ही रूथ म्हणजे माझी लाडकी विद्यार्थिनी. हरवलेल्या मेंढराची गोष्ट शिकवत होते, तेव्हा काका इन्स्पेक्शनला मागे येऊन बसले होते. मेंढपाळ नव्व्याण्णव मेंढरं रानात सोडून एकाच्या शोधात जातो, इथपर्यंत आलो आणि रूथ म्हणाली, "दीदी, तेवढ्यात त्या नव्व्याण्णवांकडे कोण बघत होतं?"

मी उत्तर शोधेपर्यंत मागून काका म्हणाले, "कमिटी."

रूथने थोडा विचार केला. "मग एका मेंढरासाठी कमिटीतलं कुणीच का नाही गेलं?"

*

नाताळात चांगल्या शोमरोन्याचं नाटक बसवलं. रस्त्यात लुटलेला माणूस पडलाय, देवळातला याजक बघून पुढे जातो, देवळाचाच सेवक लेवी बघून पुढे जातो, आणि परका शोमरोनी थांबतो. तालीम बघायला वडील आले आणि त्यांच्यातल्या विल्सनकाकांनी हरकत घेतली. याजकाने असं बघून जाणं बरोबर दिसत नाही. बाहेरचे लोक येतात, लीडरशिपबद्दल चुकीचा मेसेज जातो.

बैठक झाली. याजक आणि लेवी, दोन्ही पात्रं कापली.

त्यामुळे नाटक असं झालं: माणूस पडला, शोमरोनी आला, पडदा. आमचे पाहुणे म्हणून आलेले शेजारचे वकीलसाहेब टाळ्या वाजवत म्हणाले, "चांगला माणूस होता भिया. पण इतक्या पटकन तर अँब्युलन्ससुद्धा येत नाही."

*

आता दाराचं. दहा कुमारी दिवे घेऊन लग्नाला निघतात. पाच जणींच्या दिव्यातलं तेल संपतं, त्या आणायला जातात, परत येईपर्यंत दार बंद झालेलं असतं. यावर काकांनी वर्षभर उपदेश केला आणि शेवटी चर्चच्या दाराला पितळेची नवी कडी बसवून घेतली. उपासना नऊला. नऊ वाजले की कडी. मग थेट शेवटच्या आशीर्वादानंतरच उघडायची.

रूथची आई, एस्तेरमावशी, एका खाजगी दवाखान्यात नर्स आहे. शनिवारी तिची रात्रपाळी. सकाळी जागेवर दुसरी नर्स आल्याशिवाय ती उठत नाही, आणि दुसरी वेळेवर आली असं कधी होत नाही. त्यामुळे नवी कडी लागल्यापासून मावशी व्हरांड्यात बसून खिडकीच्या जाळीतून उपासना ऐकते. प्रभुभोजनात सगळ्यांना वाटतात ती भाकर जाळीतून जात नाही.

मी काकांना म्हटलं, "ती पेशंट सोडून कशी येणार?"

"बेटा, शहाण्या कुमारींनी पहले से इंतजाम केला होता ना."

"म्हणजे काय, पेशंटना शनिवारीच बरं करायचं?"

काका म्हणाले, कॉलेजात घातल्यापासून माझी जीभ बिघडली आहे.

त्याच आठवड्यात रूथच्या पहिल्या प्रभुभोजनाचा रविवार ठरला. मावशीने पाळी बदलून मागितली, मिळाली नाही. तिने मला एवढंच विचारलं, "त्या दिवशी तरी मला आत बसू देतील का गं?"

*

मग मी ठरवलं, काकांशी त्यांच्याच भाषेत बोलायचं. युवा रविवारी मला दहा मिनिटं मिळाली होती. मी स्वतः रचलेला दृष्टांत सांगितला. एका माणसाने गावासाठी विहीर खणली. पाणी स्वच्छ राहावं म्हणून तिला झाकण केलं. झाकण नीट राहावं म्हणून कुलूप लावलं. पुढे तो रोज कुलपाला तेल देई, आणि लोक नदीवर जात.

संपल्यावर शमुवेलकाका स्वतः उठून आले. माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बढिया सांगितलंस. विल्सनला बरोबर लागलं असेल."

पाच मिनिटांनी चहाच्या टेबलाशी विल्सनकाका हळूच म्हणाले, "बरं झालं, शमुवेलला कोणीतरी सुनावलं."

दृष्टांतात माणसांना नावं नसतात, ती यासाठी की ऐकणाऱ्याने तिथे आपलं नाव घालून बघावं. आमच्याकडे शेजाऱ्याचं घालतात.

*

उलट बोलणाऱ्या मुलीला जबाबदारी दिली की ती सुधारते, असं त्यानंतर वडिलांच्या बैठकीत ठरलं. म्हणून रूथच्या रविवारी कडी माझ्याकडे होती.

नऊ वाजले. मावशी आलेली नव्हती. प्रभुभोजन देणारे आमचे पाळकसाहेब महूहून येतात, त्यांना वाटेत राऊला ट्रॅफिक जाम लागला होता, तेही आलेले नव्हते. काकांनी मला मानेने खूण केली आणि गीत सुरू केलं. मी मुकाट्याने कडी लावली. पुन्हा उघडायचा हातही माझाच होता.

दुसऱ्या गीताला दार वाजलं. मी जाळीतून बघितलं. पायरीवर पाळकसाहेब घाम पुसत उभे होते. त्यांच्या मागे एस्तेरमावशी, अंगावर अजून युनिफॉर्म, खांद्याला पर्स.

"अरे उघड," काका पुढून म्हणाले. "पाळकसाहेब आहेत."

"मावशी पण आहे."

"तिला म्हणावं, व्हरांड्यात बस. नियम आहे."

"आणि पाळकसाहेबांना?"

"त्यांची गोष्ट अलग आहे."

सगळी मंडळी मागे वळून बघत होती. रूथ पहिल्या बाकावर पांढऱ्या ड्रेसमध्ये, ओठ घट्ट मिटून.

मी म्हटलं, "काका, दहा कुमारींच्या दृष्टांतात पहिला उशीर कोणाला झाला?"

"प्रश्न नको. पाच मूर्ख कुमारींना झाला."

"नाही काका," रूथ म्हणाली. "वराला झाला. तो येईना म्हणून तर दहाही जणी झोपल्या."

"चूप बस." काकांनी माझ्याकडे बोट केलं. "तू कडी काढ. पाळकसाहेबांना घे आणि परत लाव."

मी कडीवरचा हात काढला. "एकट्या पाळकसाहेबांसाठी मी दार उघडणार नाही. तुम्हाला उघडायचं असेल तर या. पण मग मावशीला तिच्या मुलीसमोर, तुमच्या हाताने बाहेर थांबवा."

बाहेरून पुन्हा टकटक झाली. काका उभेच होते. विल्सनकाका गीतांच्या पुस्तकात बघत राहिले.

रूथ आपल्या बाकावर आईपुरती जागा करून सरकली.