समोरून येणारा ट्रक

सकाळची ती वेळ अशी असते की घरातली प्रत्येक वस्तू काहीतरी मागत असते. दूध गॅसवर चढलेलं, इस्त्री तापलेली आणि आमचे हे एका पायात मोजा घालून दुसऱ्याच्या शोधात घरभर लंगडत होते. मोजा खुर्चीखाली पडला होता आणि मला दिसत होता. पण रोज मीच सांगायचं तर माणूस शिकणार कधी, म्हणून गप्प होते. तेवढ्यात मागच्या दारावर टकटक झाली. तीनदा, वेगवेगळ्या जागी: वर, मध्ये, खाली. दार असं ठोठावणारा आमच्या गल्लीत एकच माणूस.

उस्ताद. पलीकडच्या घरातले. चाळीस वर्षं अवजड ट्रक चालवून नऊ वर्षांपूर्वी घरी बसले. निघण्यापूर्वी प्रत्येक चाकावर लाकडी दांडका ठोकायचा आणि आवाजावरून हवा ओळखायची, ही त्यांची जन्माची सवय. ती सवय दारावर, कलिंगडावर आणि एकदा आमच्या नव्या फ्रिजवरही चाललेली मी पाहिली आहे. त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ते पोस्टमनखेरीज कुणी वाचत नाही.

उस्तादांना ह्यांच्याकडून सल्ला हवा होता. रिमोटवर चालणारा, बॅटरीचा ट्रक घ्यायचा होता. मागच्या अंगणात चालवायला. महाग असला तरी चालेल, पण दगा देणारा नको.

ह्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. गेली सहा वर्षं रविवारच्या रविवार हे परसात असल्या गाड्या पळवतात आणि उरलेला आठवडा त्या उघडून जेवणाच्या टेबलावर पसरतात. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी आपण होऊन विचारायला आलं होतं आणि नेमकी बस चुकत होती. "हिला विचारा, हिला सगळं ठाऊक आहे," म्हणत हे दोन वेगवेगळ्या रंगांचे मोजे घालून पळाले.

खोटं नव्हतं ते. सहा वर्षं कपामागून कप मी तेच ऐकत आले आहे.

चहा ठेवता ठेवता मी सहज विचारलं, कुणाच्या वाढदिवसासाठी का?

"माझ्यासाठी," उस्ताद म्हणाले. मग खुर्ची ओढून बसले आणि सगळं सांगितलं, वळणं न घेता.

काकूंच्या, म्हणजे उस्तादांच्या बायकोच्या, किडन्या दोन वर्षांपूर्वी बसल्या हे गल्लीला ठाऊकच होतं. सोमवार, बुधवार, शनिवार डायलिसिस. दवाखाना बावीस किलोमीटरवर, मोठ्या रस्त्याने. उस्ताद स्वतः त्यांना जुन्या निळ्या गाडीतून नेतात आणि आणतात. गेल्या शनिवारी परत येताना समोरून दुधाचा टँकर आला. रोज पन्नास येतात तसा. पण त्या क्षणी तो आपल्या बाजूला येतोय की आपण त्याच्या, हेच उस्तादांना कळेना. हात स्टिअरिंगवर होते, पण कुठे वळायचं ते हातांना ठाऊक नव्हतं. टँकरवाल्यानेच गाडी रस्त्याच्या खाली घातली, म्हणून आज ते चहा पीत होते. काकू शेजारी झोपलेल्या होत्या. त्यांना अजून काही माहीत नव्हतं.

सोमवारी त्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरला गाठलं. डॉक्टर म्हणाले, नजर तरुणाला लाजवेल अशी आहे. हे सांगताना उस्तादांच्या आवाजात जराही आनंद नव्हता. डोळ्यांत दोष निघाला असता तर बरं झालं असतं, चष्मा तरी मिळाला असता.

मी टॅक्सीचं सुचवलं. त्यांनी दोनदा केली होती. डायलिसिसनंतर काकूंना मळमळतं, वाटेत तीन-चारदा थांबावं लागतं. दुसऱ्या वेळी टॅक्सीवाला त्यांच्या देखत सीटवर वर्तमानपत्र अंथरू लागला. तेव्हापासून काकू म्हणतात, तुम्ही नेत असाल तर येते, नाहीतर मशीन माझ्याशिवाय चालू दे.

"पण त्यात हा खेळण्यातला ट्रक कुठे आला?"

"साहेब म्हणत होते ना परवा, की गाडी आपल्यापासून लांब जाते तोवर सोपं. आपल्याकडे तोंड करून यायला लागली की डावं-उजवं उलटं होतं आणि भल्याभल्यांचं चुकतं." उस्तादांनी कप खाली ठेवला. "माझंही त्याच जागी चुकलं. रस्त्यावर ते तपासून बघता येत नाही ताई. अंगणात येईल. ते एकदाच झालं, की आता सुरूच झालंय, एवढंच मला बघायचं आहे."

तोवर तुम्ही गाडी चालवू नका, असं मी तेव्हाच म्हणायला हवं होतं. शब्द ओठांवर आले होते. मी त्यांना आणखी अर्धा कप चहा ओतला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दुकानात गेलो. एका जिन्यावरची लांबट खोली, काचेच्या कपाटात रांगेने गाड्या, आणि चष्मा केसांत खोवलेली दुकानदार बाई. तिने सवयीने सगळ्यात वेगवान ट्रक पुढे केला आणि ताशी वेग सांगितला. उस्तादांनी तो उलटा केला, पोटाखालून पाहिला, चाकांवर बोटाच्या पेराने ठोकलं.

"किती हळू चालतो?" त्यांनी विचारलं.

बाई थबकली. एवढ्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं, असं ती स्वतःच म्हणाली. मग तिने रिमोटचं चाक कणाकणाने फिरवून दाखवलं. पहिला ट्रक एकदम उसळी घेऊन सुटायचा. तो बाद झाला. दुसरा मुंगीच्या चालीने निघाला, पण त्याचे सुटे भाग मागवायला सहा आठवडे. इथे मी मध्ये पडले. ह्यांचा एकच नियम मला पाठ आहे: कपाटातली गाडी बघू नये, भिंत बघावी. ज्या गाडीचे दांडे, गियर, ॲक्सल भिंतीवर पाकिटांत टांगलेले दिसतात ती घ्यावी, कारण मोडत सगळ्याच गाड्या असतात. भिंतीवर निम्मी पाकिटं एकाच ट्रकची होती. हाताच्या कोपरापासून बोटांपर्यंत येईल एवढा, मातकट रंगाचा, चारही चाकं ओढणारा, आतली मोटर आणि सर्किट पाण्यापासून बंद केलेलं. दिसायला तो अगदीच सामान्य होता.

बॅटरीवरून थोडी घासाघीस झाली. बाई हलकी, जोरकस बॅटरी देत होती. तसली एक आमच्याकडे उशीसारखी फुगली होती आणि ह्यांनी ती चिमट्याने धरून वाळूच्या बादलीत नेली होती, हे मी विसरलेले नाही. मी जुन्या पद्धतीची जड बॅटरी मागितली. पळ कमी, पण चार्जिंगला लावून माणूस खोलीबाहेर गेला तर जीव टांगणीला लागत नाही.

उस्तादांचा शेवटचा प्रश्न रिमोटबद्दल होता. गाडीशी त्याचा संपर्क मध्येच तुटला तर ती काय करते?

"आपोआप थांबते," बाई म्हणाली. "तशी सोयच असते आत."

उस्तादांनी ट्रकच्या टपावर एकदा पेराने ठोकलं. "हे बरं आहे," म्हणाले आणि पैसे काढले.

त्या संध्याकाळी दोन्ही अंगणांमधल्या कमरेएवढ्या भिंतीशी हे आणि मी उभे होतो. काकू मागच्या पायरीवर शाल घेऊन बसल्या होत्या आणि म्हाताऱ्याला चळ लागल्याचं जाहीर करत होत्या. उस्तादांनी विटा मांडून दुहेरी रस्ता केला होता, टोकाला वळायला जागा. ट्रक सावकाश गेला, वळला आणि त्यांच्याकडे तोंड करून निघाला. ह्यांनी श्वास रोखला. ह्यांना स्वतःला ते जमायला दोन महिने लागले होते आणि तेवढ्यात माझ्या तीन कुंड्या गेल्या होत्या. ट्रक एकाही विटेला न शिवता उस्तादांच्या पायाशी येऊन थांबला.

"पहिल्याच दिवशी? कसं काय उस्ताद?"

"मी इथे कुठे उभा आहे साहेब, मी आत बसलोय."

काकू म्हणाल्या, आत बसला आहात तर येताना भाजी आणा. सगळे हसले. माझा जीव भांड्यात पडला आणि त्या रात्री मी शांत झोपले.

मग तो रोजचाच आवाज झाला. काकूंची सुट्टी असेल त्या दिवशी सकाळी दहाला भिंतीपलीकडे मोटर सूं करून निघायची, टोकाला क्षणभर थांबायची आणि परत यायची. मी इस्त्री करता करता ऐकायचे. जाताना एक सूर, येताना तोच सूर. कान इतके सरावले की मला न बघता कळायचं, ट्रक आता वळला, आता निघाला, आता पायाशी आला.

सातव्या आठवड्यात एका मंगळवारी तो आवाज मध्येच तुटला. टक्. प्लास्टिक विटेवर आपटल्याचा. मी इस्त्री उभी केली. पुन्हा सूं, पुन्हा टक्. मी भिंतीपाशी गेले तेव्हा उस्ताद वाकून वीट सरळ करत होते. मला बघून म्हणाले, बॅटरी उतरली असावी. मी मान हलवली. बॅटरी उतरली की गाडी मंदावते. ती चुकीच्या बाजूला वळत नाही. हे त्यांना ठाऊक होतं. मला ठाऊक असल्याचंही त्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी बुधवार. सकाळी सातला निळी गाडी निघाली. काकूंनी काचेतून हात केला. मी फाटकापाशी उभी राहिले आणि मग दिवसभर माझं एकही काम धड झालं नाही. दोनला त्या यायच्या. अडीच वाजले. तीनला दहा मिनिटं कमी असताना गाडी वळणावर दिसली तेव्हा मी दोरीवरचे वाळलेले कपडे दुसऱ्यांदा वाळत घालत होते.

शनिवारी मी धीर केला. सोबत येऊ का, म्हटलं. वाटलं तर मीच चालवते. माझ्याकडे लायसन आहे, आमची गाडी आठवडाभर उभीच असते. उस्ताद हसले. "ताई, तुम्ही रिव्हर्स घेता तेव्हा अख्खी गल्ली खिडकीत येते." ते खरं होतं, म्हणून मीही हसले. तो माझा मूर्खपणा. निळी गाडी निघाली. फाटकातून बाहेर पडताना तिचा मागचा कोपरा खांबाला घासला. फार नाही, बोटभर रंग गेला. चाळीस वर्षं अवजड ट्रक गल्लीबोळांतून काढलेल्या माणसाच्या गाडीचा.

ह्यांना मी त्या रात्री सगळं सांगितलं.  हे म्हणाले, काल उस्तादांनी माझ्याकडून ट्रकचा पुढचा दांडा मागून नेला. या आठवड्यातला तिसरा. मी म्हटलं उस्ताद, प्लास्टिकच हलकं आलंय. तर म्हणाले, हो, तसंच असेल.

सोमवारी सकाळी मी किल्ली घेऊन त्यांच्या दारात उभी राहायची, असं आम्ही ठरवलं. पण उस्ताद त्या दिवशी काकूंना घेऊन पहाटेच निघून गेले होते. दवाखान्यात गर्दी असते म्हणून, असं काकू नंतर म्हणाल्या. परत आल्या तेव्हा त्या झोपलेल्या नव्हत्या. नेहमी झोपून येणारी बाई सीटवर ताठ बसली होती, दोन्ही हात समोरच्या डॅशबोर्डवर.

मंगळवारी दहाला पलीकडे आवाज सुरू झाला. मी इस्त्री लावलीच नाही. सूं, टक्. सूं, टक्. मध्ये विटा उचलल्याचा खरखराट. मग परत. कितीतरी वेळ असं चाललं आणि मग एकदा टक् झाल्यावर काहीच झालं नाही.

मी बाहेर आले. अंगणातला विटांचा रस्ता अस्ताव्यस्त झाला होता. ट्रक पायरीला नाक लावून उभा होता, चाकं एका बाजूला वळलेली. काकू दारात होत्या, चौकटीला धरून. त्यांना सांगून झालं होतं, हे त्यांच्या तोंडावरून दिसत होतं. उस्तादांनी रिमोटचं बटण बंद केलं, तो भिंतीवर ठेवला आणि रुमालाने हात पुसले, तेल लागलं असावं तसे.

"आठ वेळा आणला," ते म्हणाले. "आठही वेळा भलतीकडे गेला. आणि ताई, मला तो बरोबर येतोय असंच दिसत होतं."

 मी काकूंकडे पाहिलं तर त्या माझ्याकडेच बघत होत्या.

"उद्या हिला दवाखान्यात तुम्ही न्याल का?"