तोमिएने उलट्या लावलेल्या दोन तारा

तोमिए कुरामोचीने डूख धरला होता. तांदळाच्या कोंड्यात मुरत ठेवलेलं लोणचं रोज हात घालून खालीवर करावं, तसा तो तिने जपला होता. वरून कुणाला काही कळायचं नाही. कामिसावा गावात तिची ओळख एवढीच, की घरबसल्या तारा जोडणारी बाई. मोटारींच्या कारखान्यातून खोकीच्या खोकी तारा यायच्या. त्यांच्या टोकांना पितळी पत्र्या दाबून बसवायच्या आणि त्या प्लास्टिकच्या कनेक्टरमध्ये टक् आवाज होईपर्यंत सारायच्या. लग्न झाल्यापासून स्वयंपाकघरातल्या बुटक्या टेबलाशी बसून तिने हेच काम केलं आणि नवरा गेल्यावरही सोडलं नाही.

नवरा तेइजी डोंगराकडे जाणाऱ्या आगगाडीच्या फाट्यावर रूळ दुरुस्त करायचा. दिवसभर खरे रूळ ठोकून हा माणूस घरी आला की पुन्हा रूळच मांडून बसायचा, पण बोटभर रुंदीचे. गावात अशा हौशी लोकांचं मंडळ होतं. प्रत्येकाने आपापल्या घरी एकेक फळी सजवायची आणि शरद ऋतूतल्या जत्रेत सगळ्या फळ्या जोडून त्यांवरून गाड्या पळवायच्या. मंडळाचे अध्यक्ष योकोबोरी. दारूच्या भट्टीचे मालक, आवाज मोठा, आणि मांजराच्याही नजरेस पडू नये अशा मायेने जपलेलं, या छोट्या रुळांवर धावणारं एक पितळी वाफेचं इंजिन.

मुलगा नाओया पहिलीत होता तेव्हाची गोष्ट. जत्रेत त्याने न विचारता एक बटण दाबलं आणि योकोबोरींचं इंजिन टेबलावरून थेट फरशीवर. पोराने माफी मागितली. योकोबोरींचं समाधान झालं नाही. मग पोराच्या बापाने मागितली. आता कामिसावात माफी मागायची म्हणजे कमरेत वाकायचं आणि ज्याचा अपराध केला तो "मान वर करा" म्हणेपर्यंत तसंच राहायचं. समोरचा भला असेल तर लगेच म्हणतो. योकोबोरींनी इंजिनाचे तुकडे एकेक करून रुमालात गोळा केले, रुमालाला गाठ मारली, कुणीतरी दिलेला चहा संपवला, आणि मग म्हणाले. तोवर तेइजी भर सभागृहात वाकलेला, आणि शेजारी त्याचं पोरही तसंच वाकलेलं.

त्या आठवड्यात नाओयाने आपल्या सगळ्या खेळण्यातल्या गाड्या स्वतःच्या हाताने कचऱ्यात नेऊन टाकल्या. मोठा झाला तसा नागोयाला निघून गेला. तिथे गोदामात माल उचलण्याचं यंत्र चालवतो. नववर्षाला फोन करतो, "बरं आहे" म्हणतो आणि ठेवतो. तेइजीने मंडळ सोडलं आणि मरेपर्यंत तो विषय काढला नाही. तोमिएनेही काढला नाही. ती फक्त तारा दाबायची, आणि काही तारा गरजेपेक्षा जोरात दाबल्या जायच्या.

अशात गावच्या बालभवनाने ठरवलं, की मुलांना हात लावता येईल अशी आगगाडी हवी. मंडळाने फळ्या आणि रूळ दिले. तारांचं काम साहजिकच तोमिएकडे आलं.

"तोमिएताई, पोरं बटणं दाबत नाहीत बरं का, बुक्के मारतात," बालभवनाची तरुण बाई मिझुशिमा म्हणाली.

"मारू देत. बटण दुसऱ्या कशासाठी असतं?"

आणि तिने मन लावून काम केलं, हे सांगायलाच हवं. बटणं घेतली ती तळहाताएवढी, हिरवं, लाल आणि पिवळं. वीज इतकी कमी की ओल्या हातानेही झटका बसू नये. दर फळीखाली कनेक्टर असे लावले की फळ्या सोडवून पुन्हा जोडताना कोणाची चूक होऊच नये. उलटा घालायला गेलं तर जायचाच नाही. कडेला मुलांच्या हनुवटीच्या उंचीची पारदर्शक भिंत. फक्त फळीवरच्या इवल्या बंदराकडे जाणाऱ्या फाट्याशी त्या भिंतीचा एक तुकडा बसायचा राहिला होता. हे करताना तिच्या मनात सुडाचा विचार नव्हता. नाओया तेव्हा याच उंचीचा होता, एवढंच मनात होतं.

उद्घाटनाच्या आदल्या दुपारी योकोबोरी पाहायला आले. पहिली गाडी त्यांचीच धावणार, तेच दुरुस्त केलेलं पितळी इंजिन, हे त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं.

"काय कुरामोचीबाई, झालं का? सांभाळून हं. तुमच्या घराण्याचं आणि माझ्या इंजिनाचं काही जमत नाही!" आणि ते खदाखदा हसले. सोबतचे दोघेतिघेही हसले.

तोमिएही हसली. इतकी वर्षं तिला वाटत होतं की हा माणूस ते विसरला असेल. विसरला असता तर एक वेळ सोडून दिलं असतं. पण याने त्याचा विनोद करून ठेवला होता!

सगळे गेल्यावर ती टेबलाखाली शिरली. गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळवणाऱ्या सांध्याकडे जाणारा कनेक्टर उघडला, दोन तारा काढल्या आणि जागा बदलून पुन्हा सारल्या. टक्, टक्. आता हिरवं बटण दाबलं की दिवा हिरवा लागणार, पण सांधा वळणार बंदराच्या फाट्याकडे, जिथे भिंत नव्हती. खऱ्या आगगाडीचा चालक दिव्याकडे बोट दाखवून पुकारतो आणि सांध्याकडेही बोट दाखवून पुकारतो; दोन्ही पाहिल्याशिवाय गाडी हलवत नाही. योकोबोरीही बोट दाखवायचे, पुकारायचेही. मात्र बोट दिव्याकडे आणि डोळे लोकांकडे. तोमिएने हे जत्रेत वर्षानुवर्षं पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते पांढरे हातमोजे आणि स्टेशनमास्तरची टोपी घालून आले. बालभवन मुलांनी आणि आजीआजोबांनी भरलं होतं. योकोबोरींनी इंजिन रुळावर ठेवलं आणि गर्दीतून एका मुलीला पुढे ओढलं.

"ही माझी नात, कोनात्सु. नुकतीच राहायला आलीये इथे. बटण हीच दाबणार!"

हे तोमिएला ठाऊक नव्हतं. मुलगी पहिलीतलीच असावी. नवी पिवळी टोपी होती. "थांबा, एक तार बघायची राहिलीये," एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. तोमिए म्हणाली नाही. बघू दे त्याला, असं तिच्या मनात आलं. आपल्या पोटच्या पोराच्या पोराला सगळ्यांसमोर झापताना कसं वाटतं ते बघू दे.

कोनात्सुने हिरवं बटण दाबलं, दिवा लागला. "सिग्नल हिरवा! गाडी सोडा!" योकोबोरींनी बोट दाखवून खणखणीत आवाज दिला आणि लोकांकडे पाहून मान डोलावली. कोनात्सुने दोन्ही हातांनी गाडी सोडायचं पिवळं बटण दाबलं. इंजिन डौलात निघालं, सांध्यावर वळलं, बंदर ओलांडलं आणि फरशीवर जाऊन फुटलं.

मुलीचा चेहरा आधी पांढरा पडला, मग ती रडायला लागली.

योकोबोरी गुडघ्यांवर बसले. तोमिए वाट पाहत होती. त्यांनी हातमोज्यानेच तिचे डोळे पुसले.

"रडायचं नाही गं. तू काय केलंस? काही नाही केलंस. गाडी आहे, पडते. पुन्हा उचलायची."

आतापर्यंत सगळ्यांचे डोळे तोमिएकडे वळले होते. तारा तिच्या, म्हणजे वाकायचं तिने. तिचे हात सवयीने मांड्यांवर गेलेसुद्धा. पण अंगात असा संताप चढला की कंबर वाकेना. येत होतं तर याला! हे एवढं वाक्य याला बोलता येत होतं!

"तारा मीच बदलल्या," ती म्हणाली. "मुद्दाम बदलल्या. आत्ता जे बोललात ना अध्यक्ष, ते माझ्या नाओयाला बोलायचं होतंत. तोही एवढाच होता."

"अगं बाई," मिझुशिमा पुटपुटली.

योकोबोरींचा चेहरा उतरला. टोपी काढली, तोमिएसमोर आले आणि कमरेत वाकले, अगदी खोल. त्यांच्या टकलावर घाम दिसत होता. ही मान याच गावात, याच लोकांसमोर अशी झुकलेली पाहायची, यासाठी तोमिए जगत आली होती, आणि तिला ती पाहून बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं.

तेवढ्यात कोनात्सु आली. आजोबांकडे एकदा पाहिलं आणि त्यांच्या शेजारी उभी राहून तीही वाकली. टोपी फरशीवर पडली. नाकातून पाणी टपकत होतं, तरी हात मांड्यांवर घट्ट. तिला हे कोणी शिकवलं नव्हतं. नाओयालाही कोणी शिकवलं नव्हतं.

तोमिए खाली बसली. टोपी उचलून तिने मुलीच्या डोक्यावर ठेवली.

"बाळा, तू मान वर कर," ती म्हणाली. "तुझी काही चूक नाही."

मुलीने मान वर केली आणि आजोबांकडे पाहिलं. ते अजून वाकलेलेच होते. मग तिने तोमिएकडे पाहिलं आणि वाट पाहत उभी राहिली. सगळं बालभवन वाट पाहत होतं. तोमिएने तोंड उघडलं, पण "मान वर करा" एवढं काही केल्या बाहेर पडेना.