कालव्याच्या टोकाला माझं मत

मला प्रत्येक गोष्टीवर मत आहे. दिल्लीत कुणाचं सरकार टिकेल, मुंबईत कोण कुणाला कधी सोडून जाईल आणि आमच्या गल्लीतलं गटार सहाव्यांदा का उकरलं, या तिन्ही विषयांवर मी एकाच दमात बोलू शकतो. तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. बारामती ते इंदापूर या रस्त्यावर माणसं तिकिटासोबत राजकारण फुकट देत. तेच मी निवृत्तीनंतर भिगवण चौकातल्या चहाच्या टपरीवर वाटत असतो. बायको म्हणते, "जिभेला हाड नाही तुमच्या." ते खरं आहे, पण हाड असतं तर बोलता तरी आलं असतं का?

आम्हा बारामतीकरांना एक सवय आहे. गावातला रस्ता रुंद झाला की तो आपणच केल्यासारखं बोलायचं आणि रस्त्याला खड्डा पडला की तो ठेकेदारानं पाडला म्हणायचं. हल्ली एकाच घरात दोन झेंडे असतात, पण चहा अजून एकाच पातेल्यात उकळतो, हे मला बरं वाटतं. माझ्या टपरीवरही दोन्हीकडची माणसं असतात. आवाज चढतो, ग्लास आपटतात आणि दहा वाजता सगळे आपापल्या पिशव्या घेऊन भाजी आणायला जातात.

यंदाच्या उन्हाळ्यात एका सकाळी टपरीवर माइक घेऊन एकजण आला. मोबाईलवर बातम्यांचं चॅनेल चालवतो म्हणाला. "काका, थोडं बोलता का?" असं मला विचारणं म्हणजे माशाला पोहतोस का विचारणं. मी दिल्लीवर दहा-बारा मिनिटं बोललो. महागाई, बेकारी, परराष्ट्र धोरण, काही सोडलं नाही. उठता उठता त्यानं विचारलं, "आणि इंदापूरवाले कालव्याच्या पाण्यासाठी आंदोलन करतायत, त्यावर?" मी घाईत होतो. म्हणालो, "टेलच्या लोकांनी ऊस लावायचा कशाला? आधी ऊस कमी करा, मग पाणी मागा."

टेल म्हणजे कालव्याचं शेवटचं टोक. पाटबंधारेवाले कालव्यात ठरावीक दिवस पाणी सोडतात. वरच्यांची भिजणी होते, मधल्यांची होते आणि टेलपर्यंत पोचता पोचता दिवस संपतात. हे मला माहीत होतं. शिवाय माझी मुलगी टेललाच दिलेली आहे, निमगाव केतकीला. हेही अर्थात माहीत होतं. पण त्या क्षणी माइकसमोर ते आठवलं नाही.

दिल्ली सगळी गाळली गेली. राहिली फक्त ती दोन वाक्यं, खाली लाल अक्षरांत 'बारामतीच्या काकांनी सुनावलं'. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात. संध्याकाळपर्यंत व्हिडीओ अख्ख्या इंदापूर तालुक्यात फिरला.

मुलीनं तीन दिवस फोन उचलला नाही. एरवी ती रोज सकाळी आईशी बोलते. आमच्याकडं मुलीच्या बापानं व्याह्यासमोर शब्द जपून टाकायचा असतो. नऊ वर्षं मी तो जपला होता. व्याह्यांशी पाऊस, गुडघेदुखी आणि पानाचा बाजारभाव याखेरीज कधी बोललो नव्हतो. त्यांचा पानमळा आहे, विड्याच्या पानांचा. रोज जेवायला बसलं की डोळ्यांसमोर एकच यायचं: लेक ताट वाढतेय आणि कुणीतरी म्हणतंय, "तुझा बाप काय म्हणला बघ."

त्यात अधिक महिना होता. तीन वर्षांनी एकदा जावयाला धोंड्याचं जेवण द्यायचं, सोबत व्याही-विहिणीला बोलवायचं. बायको म्हणाली, "फोनवर नाही. स्वतः जाऊन बोलवा. आणि तिथं गेल्यावर तोंड फक्त बोलवण्यासाठी उघडा."

गेलो. ज्या रस्त्यावर तीस वर्षं मी तिकिटं फाडली, त्याच रस्त्यावर तरुण कंडक्टर माझ्याकडं टक लावून बघत म्हणाला, "तुमी त्या व्हिडीओतलं काका न्हवं?" मागच्या सीटवरचे एक तात्या लगेच म्हणाले, "त्येंला टेलपतुर तिकीट द्या. मधी उतरू देऊ नका." सगळी बस हसली. मीही हसलो, पण माझ्या कपाळावर घाम होता.

व्याही वस्तीवर अंगणातच भेटले. पाणी दिलं, बसा म्हणाले. मी बसलो नाही. "माझं चुकलं," एवढं म्हणालो आणि हात जोडले. त्यांनी माझे हात धरून खाली केले. "चला, आदी मळा बघू," म्हणाले.

पानमळ्यात मी पहिल्यांदाच आत शिरलो. लग्नाच्या वेळी बाहेरूनच बघितला होता. बाहेर ऊन भाजत होतं आणि आत गारवा होता, पण खालच्या बाजूचे वेल पिवळे पडले होते, पानं हाताला राठ लागत होती. पलीकडं चारी होती, कालव्यातून शेतात पाणी आणणारी. तिच्यात चार शेळ्या आरामात बसल्या होत्या. तीस वर्षं बसच्या खिडकीतून मी भरलेला कालवा बघितला होता. त्याचं पाणी कुठवर जातं हे बघायला कधी खाली उतरलो नव्हतो.

"पाव्हणं, ह्यो टेल," व्याही म्हणाले. "आन् ह्यात ऊस कुटं हाय, तेवडं दावा."

मी कान पकडले. ते हसायला लागले. "आवो, तुमाला उत्तर कवाच गेलंय. बघितलं न्हाय व्हय?" त्यांनी खिशातून मोबाईल काढला. तेच चॅनेल, तोच माइक. त्याच कोरड्या चारीत डोक्यावर ओढणी घेऊन माझी मुलगी उभी होती.

"बारामतीचं एक काका म्हणलं, टेलच्या लोकांनी ऊस लावू नये," ती सांगत होती. बारामतीच्या शाळेत शिकलेली, घरात शुद्ध बोलणारी माझी लेक. "काका, आमचा पानमळा हाय. उसाची कांडी न्हाय. तुमी या, डोळ्यानं बघा. मी च्या पाजते. पाणी मातर टँकरचं आसंल."

माइकवाल्याला पत्ता नव्हता ही कुणाची मुलगी. गावाला होता. "आख्खं गाव खूश हाय," व्याही म्हणाले. "म्हणत्यात, सून कशी आसावी तर आशी."

तेवढ्यात ती चहा घेऊन आली. माझ्यासमोर कप धरून अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "घ्या काका." मग तिलाच हसू आवरेना. "फोन मुद्दाम उचलला नाही, अण्णा. तुम्हाला इथं आणायचं होतं." तीन दिवस ज्या लेकीसाठी मी झुरत होतो, ती त्या घरात माझ्यापेक्षा घट्ट पाय रोवून उभी होती. मला इतकं हलकं वाटलं की टँकरच्या पाण्याचा तो चहा मी दोन कप प्यालो.

धोंड्याच्या जेवणाला सगळे आले. व्याह्यांनी पानांची मोठी गड्डी आणली. पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार. नऊ वर्षांत पहिल्यांदा आम्ही दोघे व्याही पोटभर भांडलो. दिल्लीवर त्यांची मतं माझ्या अगदी उलट निघाली, आणि माझ्याइतकीच पक्की. जावई दोघांना पान लावून देत गुपचूप हसत होता.

विडा तोंडात टाकून व्याही सावरून बसले. "पाव्हणं, एक इचारायचंय. पुडच्या ग्रामपंचायतीला सूनबाईला उभी करावी म्हणतोय आमी. गावातली माणसं घरी येऊन बोलून गेल्यात. ती म्हणती, आदी अण्णांला इचारा. तुमाला काय वाटतंय?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मुलगीही. दिल्लीपासून गल्लीपर्यंत सगळ्यावर ज्याला मत आहे, त्याला त्या दिवशी एक शब्द फुटेना. बायकोनं मुकाट्यानं माझ्यापुढं पाण्याचा तांब्या सरकवला.