कासवाला बोटीचं पोट

"उतरा. सगळी उतरा, पाठ हलकी करा!"

बोईसरहून चिंचणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, भर उन्हात, माझ्या दादाचा मेहुणा डांबराला गाल लावून पालथा पडला होता आणि गाडीखाली बघत ओरडत होता. हा सातपाटीचा. बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात हयात गेली, त्यामुळे चालू इंजिनाच्या वरचा आवाज काढायची सवय. बंदरावर उभं राहून त्याने बायकोकडे चहा मागितला, तर दर्यात गेलेले तांडेल वादळाची सूचना समजून परत फिरायचे.

मी उतरलो. मागच्या सीटवरून वहिनी उतरली. दादा मात्र स्टिअरिंग धरून बसून राहिला. समोर ब्रेकर होता.

मागे टँकरांची रांग लागली. पहिल्या टँकरच्या ड्रायव्हरने खिडकीतून मान बाहेर काढली. "चाचा, गाडी है या झाडू?"

खोटं नव्हतं ते. गोल पाठीची ती जुनी जर्मन गाडी, आमच्या आळीत सगळे तिला कासव म्हणत. माझ्या पुतण्याने, दादाच्या एकुलत्या एका मुलाने, ती भंगारातून आणली, उभी केली आणि मग हौस म्हणून खाली बसवली. इतकी खाली, की रस्त्यावर पडलेल्या पेपरवरून गेली तर आतल्या माणसाला ठळक बातम्या कळाव्यात. मुंगीसुद्धा तिच्याखालून वाकून जायची. ते काम संपवून काही आठवडे झाले नाहीत, तोच सकाळच्या पाळीला कारखान्यात जाताना तो मोटारसायकलसकट टँकरखाली गेला. कासव घरी उभं होतं.

तेव्हापासून दर रविवारी दादा वहिनीला घेऊन त्या गाडीतून चिंचणीच्या किनाऱ्यावर जायचा आणि यायचा. पोरगा जायचा तसा. बाकी दादा माणसांत होता. जेवायचा, दाढी करायचा, माझ्या थापांना हसल्यासारखंही करायचा. फक्त गाडी जरा वर उचलू या, असं कुणी म्हटलं की ताटावरून उठायचा. पोराने बसवली तशीच ती राहणार होती. पोराच्या हातचं त्या घरात तेवढंच उरलं होतं.

पण इंजिन मरायला टेकलं होतं. या गाडीला पाणी नाही, रेडिएटर नाही. इंजिन पाठीमागे, ते वाऱ्यावर आणि तेलावर थंड होतं. तारापूरच्या कारखान्यांमधून टँकरच्या मागे रांगत जायचं म्हटल्यावर वारा कुठून मिळणार? आणि मिळतो तो आम्हीच रुमालातून गाळून घेतो. तेल तापून पाण्यासारखं पातळ व्हायचं आणि समोरचा तांबडा दिवा डोळा मारायचा.

तेव्हा मेहुणा म्हणाला, "भावजी, तिला पोट लावूया. तेल जास्ती मावलं पायजे, मंग तापणार नाय. गाडीची उंची तशीच ऱ्हाईल, कुनी हात लावनार नाय." उंचीला हात लागणार नाही, एवढंच दादाने ऐकलं. मान हलवली.

इंजिनाच्या तळाला बशीएवढं एक झाकण असतं. ते काढून तिथे तेलाचं खोल भांडं बसवायचं, आतली तेल ओढणारी नळी तेवढीच लांबवायची. मेहुण्याने मोडीत निघालेल्या बोटीचं अ‍ॅल्युमिनियम कापलं, बोईसरला वेल्डिंग करून घेतलं आणि भांडं बनवलं. मापाचा प्रश्नच नव्हता. बोटीचं इंजिन जितकं पोटाळ तितकं सुखी, हे त्याचं शास्त्र. सातपाटीची रीत अशी की होडी काठावर ओढायची, ओंडक्यांवर चढवायची आणि मग खाली शिरायचं. त्याने कासवही ओंडक्यांवर चढवलं. चाकं लोंबत होती. खाली हात घालून म्हणाला, "वीतभर जागा हाय. बोटीला तर एवढीबी नसते."

बोटीच्या खाली दर्या असतो. गाडीच्या खाली पालघर जिल्हा असतो, हे आम्हा तिघा शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. ओंडके काढल्यावर कासव नेहमीच्या जागी बसलं. वीत गेली, दोन बोटं उरली.

आणि घरापासून पहिला ब्रेकर हाच.

आमच्याकडे रस्त्यावर माणूस गेला की सरकारी मापाची वाट कुणी बघत नाही. दहाव्याच्या आत आजूबाजूचे लोक आपल्या घरच्या बांधकामातलं सिमेंट आणतात आणि ब्रेकर टाकतात. उंची दुःखावर ठरते. म्हातारा गेला तर बेताचा. तरणा गेला तर असा, की ट्रकवाल्याचा जेवणाचा डबा उडून टपावर जाईल. माझ्या पुतण्याचा ब्रेकर फार उंच आहे.

इतके रविवार दादा गाडी तिरकी घालून, एकेक चाक चढवून, तो पार करत आला होता. त्या दिवशीही त्याने तिरकी घातली.

"नाय जमायचं, भावजी. मागं घ्या," मेहुणा ओरडला.

दादाने क्लच सोडला.

आवाज कसा झाला ते मी सांगायला लागलो तर सवयीने वाढवीन. मोठा नव्हता. नारळ फुटतो तेवढाच. मग काळं गरम तेल ब्रेकरच्या उतारावरून दोन्ही बाजूंनी खाली आलं.

टँकरवाला हॉर्न न वाजवता उतरला आणि गाडी ढकलायला लागला. समोरच्या टपरीतली माणसं आली. त्यांनी दादाला ओळखलं. टपरीवाला म्हणाला, "काका, आमीच टाकलेला हाय. पहार आनतो, आता तासून देतो. तुमची गाडी जाईल."

 दादा वहिनीकडे बघत होता. ती रस्त्याच्या कडेची माती ओंजळीने आणून तेलावर टाकत होती. मी म्हटलं, "वहिनी, राहू द्या, मी करतो." ती थांबली नाही. "दुचाक्या येतील," म्हणाली. "कुनी घसरंल." पुन्हा माती आणायला गेली.

मेहुणा उठून उभा राहिला. गालावर डांबराचे खडे उमटले होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो हळू बोलला.

"भावजी, काय करायचं? ब्रेकर तासायचा?"

"नको. गाडी उचल."

"किती उचलू?"

"लागेल तेवढी."