अंबाडी अन् वाटीभर दूध
अंबाडी शिजाचा आंबट वास आला का माह्या छातीत अजून जळते. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी पीक बुडालं, तं दोन्ही टाइम अंबाडीची भाजी अन् ज्वारीच्या कण्या. साऱ्यायचं जेवण झालं का उरलंसुरलं मले. रोज सकाळी आंबट ओकारी होये. सासू खूश झाली, "पोरी, तुले दिवस गेले वं!" मंग मले भाकर अन् वाटीभर दूध भेटू लागलं. आठ दिवसांत जळजळ थांबली. मंग सुईण आली, पोट दाबून सासूले म्हणे, "दिवसबिवस काई नाई वं बाई. उपाशीपोटी आंबट खाऊन आग पडली हिच्या पोटात." सासूनं माह्यापुढची वाटी उचलली. संध्याकाळी ताटात अंबाडीच आली. आता घरात दूध हाये, पण वाटी हाती घेतली का मी लवकर पिऊन टाकतो.