दोरी ओठांना लावायची असते

आमच्या वर्गातल्या वहिनींनी पर्समधून ओला टिश्यू काढला आणि धनुष्याची दोरी पुसली. सगळी नाही. मधली वीतभर. जिथे नुकतेच माझे ओठ टेकले होते, तेवढीच.

आदल्या फेरीत डॉक्टरीणबाईंच्या लिपस्टिकचा ठिपका दोरीवर होता. तीच दोरी वहिनींनी स्वतःच्या ओठांना लावली होती. तेव्हा टिश्यू निघाला नव्हता.

"माझं आपलं हायजीनचं हो," वहिनी म्हणाल्या. माझ्याकडे न बघता.

मी हसले. म्हटलं, "बरोबर आहे, सकाळी लसणीची चटणी खाल्लेय मी." सगळ्या हसल्या. मीच हसवलं.

तर मी. वय पन्नाशीला टेकलेलं, गुडघे त्याच्याही पुढे गेलेले. चिपळुणात एका मैदानावर दर रविवारी महिलांना तिरंदाजी शिकवतात, तिथे लेकीने माझं नाव घातलं. नवरा म्हणाला, "सुईत दोरा ओवायला मला हाक मारतेस गो, नि बाण कसला मारतेस!" तरी गेले. कार्यालयात मी कारकून, तिथे मला मॅडम म्हणतात. म्हटलं, इथेही तसंच असेल.

पहिल्याच रविवारी वहिनींनी विचारलं, "गाव कुठलं तुमचं?"

"अलोऱ्याच्या बाजूचं."

"वाडी कुठली?"

आमच्याकडे हा प्रश्न पत्त्यासाठी विचारत नाहीत.

"बौद्धवाडी."

"अच्छा."

वहिनींची आंब्याची मोठी बाग. वर्गाची धनुष्यं त्यांच्याच देणगीतली. त्या दिवसापासून सगळ्या मॅडम. मी मावशी.

सर तिशीतले. शिकवायचे मात्र जीव तोडून. पाय खांद्याइतके फाकवा. खांदा खाली. एक बोट बाणाच्या वर, दोन खाली. हात हनुवटीखाली येईपर्यंत दोरी ओढा. दोरी ओठांच्या मधोमध आणि नाकाच्या शेंड्याला टेकली पाहिजे. दर वेळी तिथेच. "हा तुमचा नांगर," सर म्हणायचे. "नांगर नसला की होडी कुठेही जाते."

टिश्यूच्या प्रकारानंतर त्यांनी मला बाजूला घेतलं. हळूच म्हणाले, "मावशी, तुम्ही तोंडाला नका लावू दोरी. छातीसमोरच ओढा नि सोडा. तुम्हाला सोपं जाईल."

मी मान डोलावली. खरं सांगू? बरं वाटलं. आपल्या वयाचा विचार केला पोराने!

मग काय, होडी कुठेही. एक बाण गवतात, एक कुंपणात, निशाणाच्या फळीला एकही नाही. दोरीचा फटका कोपराच्या आत बसायचा, हात काळानिळा. मी म्हणायची, "त्या फळीला सांगा, जरा माझ्या बाजूला सरक." पुन्हा हशा. वहिनी म्हणाल्या, "असू दे हो. सगळ्यांना सगळं जमतंच असं नाही."

मग सरांनी जाहीर केलं, पुढच्या रविवारी ज्यांचा एकही बाण फळीला लागणार नाही त्यांनी थांबायचं. बाकीच्यांनाच लांबच्या अंतरावर नेणार. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. या वेळी मला विनोद सुचला नाही.

घरी ओटीवर रबरी पट्टा ओढून सराव करत होते. लेक बघत होती. मोबाईलवर तिने सगळं पाहिलेलं.

"आई, हे काय? हात हनुवटीला यायला हवा."

"सरांनीच सांगितलंय असं."

"सगळ्यांना?"

मी पट्टा खाली ठेवला.

माझ्या आईला खोतांच्या पडवीत चहा करवंटीतून मिळायचा. "कपाचं काय, पडला की फुटतो," असं सांगून ती आम्हाला हसवायची. आम्ही पोरं खो खो हसायचो. आमच्या घरात विनोद असा आला. अपमान घशाखाली सरकावा म्हणून. आणि मी, पगारदार बाई, तोच विनोद मैदानावर वाटत होते.

मला शिकवलं नव्हतं. मला चुकायला लावलं होतं. वर म्हणणार, जमत नाही हो यांना.

रविवारी रांगेत वहिनींच्या आधी मी. पाय रोवले. बाण चढवला. ओढलं. छातीशी थांबले नाही. हनुवटी. ओठ.

"मावशी! तोंडाला नको सांगितलंय ना?"

ओठांवर दोरी असताना बोलता येत नाही. सावकाश सैल केली.

"बाकीच्यांना कुठे लावायला सांगितलंय, सर?"

डॉक्टरीणबाई बुटाची नाडी बांधायला वाकल्या. नाडी बांधलेलीच होती.

मी पुन्हा ओढली. दंड थरथरत होता. जिभेवर दोरीला लावलेल्या मेणाची चव. नाकाच्या शेंड्याला दोरी, तिच्यापलीकडे फळी. सोडली.

बाण फळीच्या खालच्या काठाला लागला. मधल्या पिवळ्या वर्तुळापासून कोसभर लांब. पण लागला.

धनुष्य वहिनींपुढे धरलं. त्यांचा हात पर्सकडे गेला.

"पुसा," मी म्हटलं. "पण डॉक्टरीणबाईंच्या नंतरही पुसा. आणि तुमच्या नंतर मी पुसते."

कोणी हसलं नाही. मीही नाही.

वहिनींनी धनुष्य घेतलंच नाही. "मला बरं वाटत नाहीये," म्हणाल्या आणि गाडीत जाऊन बसल्या.

संध्याकाळी सरांचा फोन. "मॅडम," म्हणाले. पहिल्यांदाच. "वहिनी फार दुखावल्यात. असं करू, तुमच्यासाठी वेगळं धनुष्य ठेवतो. खास तुमचं. दुसरं कोणी हात लावणार नाही."

"प्रत्येकीला वेगळं देणार?"

"तेवढी कुठे आहेत हो!"

"मग मलाही नको."

"मॅडम, समजून घ्या. वर्ग बंद पडेल."

"पडला तर फाटकावर पाटी लावा. कारणासकट."

मी फोन ठेवला.

येत्या रविवारी मी जाणार. वर्ग असला तर रांगेत, नसला तर बंद फाटकासमोर. धनुष्य घेईन ते सगळ्यांचं. दोरी ओढीन ती ओठांपर्यंत. ज्यांना विटाळ होतो, त्यांनी रांग सोडावी. मी सोडणार नाही.