थकले असं सांगायला शिकले

बल्लारशाच्या स्टेशनवर मला सोडायला बाबा ड्युटीच्याच कपड्यांत आले होते. औष्णिक वीज केंद्रातली त्यांची पहिली पाळी दोनला सुटली, कंपनीच्या बसनं त्यांना ऊर्जानगरच्या क्वार्टरपाशी उतरवलं, आणि कपडे न बदलताच ते आई नि माझ्यासोबत ऑटोत बसले. शर्टाच्या खिशावर कोळशाचे काळे ठसे. आई घरून बुद्धवंदना म्हणून निघाली होती. तिच्या मांडीवर लाखोळीच्या डाळीच्या वड्यांचा डबा होता, तो तिनं गाडी लागेपर्यंत कोणाला धरू दिला नाही. मी सिव्हिल इंजिनिअर झाले होते आणि पुण्याला एका मोठ्या बांधकामावर रुजू व्हायला निघाले होते. गाडी हलली तेव्हा बाबा खिडकीच्या गजाला धरून दोन पावलं चालले आणि म्हणाले, "तोंडानं जास्त बोलू नको. काम बोलू दे."

ते वाक्य मी फारच मनावर घेतलं. तुम्ही जे चंद्रपूरकडेच राहिलात आणि माझ्यासारखे जे निघून आलात, दोघांनाही हे सांगायचंय की या एका वाक्याचा मी दहा वर्षं चुकीचा अर्थ लावत होते.

सुरुवातीची वर्षं मात्र खरोखर सुखाची होती. पहिल्या इमारतीचा पाया माझ्या डोळ्यांसमोर खणला गेला. ती नवव्या मजल्यावर पोचली तेव्हा मी तिचा फोटो आईला पाठवला. तिनं तो क्वार्टरच्या ओळीतल्या प्रत्येक घरी दाखवला. साईटवर मी एकटीच बाई इंजिनिअर होते. कोणी म्हणू नये की हिला झेपत नाही, म्हणून मी दुप्पट उभी राहायची. रविवारची सुट्टी कागदावर होती. रविवारीच काँक्रीट असायचं, कारण त्या दिवशी रस्त्यावर ट्रॅफिक कमी. जेवण उभ्यानं, हेल्मेट काखेत धरून. आम्ही इंजिनिअर एकमेकांना विचारायचो, "सलग किती दिवस?" ज्याचा आकडा मोठा, तो मोठा माणूस. त्यात मी कोणाला हार जात नसे.

मग काहीतरी हळूहळू विझत गेलं. बहिणीच्या साखरपुड्याला मी सकाळी पोचले आणि दुपारच्या गाडीनं परतले; तिच्या साडीचा रंगही मला आठवत नाही. मजुरांवर ओरडायला लागले, मी, जिची आजी मजुरीला जायची. आमची इमारत पूर्ण झाली त्या दिवशी सगळ्यांनी पेढे खाल्ले. मी वर बघितलं आणि मला काहीच वाटलं नाही. त्या काही न वाटण्याची मला भीती वाटायला हवी होती. ती वाटायचीही ताकद नव्हती.

दुसऱ्या प्रकल्पावर शटरिंगचे, म्हणजे काँक्रीटच्या साच्यांचे, फोरमन होते सलीमभाऊ. मूळचे चिमूरचे, तीन पिढ्यांचे सुतार. मी चंद्रपूरची आहे हे कळल्यापासून माझ्याशी ते आपल्याच बोलीत बोलत. एका सकाळी मोठ्या स्लॅबचं काँक्रीट सुरू व्हायचं होतं. मिक्सरच्या गाड्या गेटपाशी ओळीनं उभ्या, पंप लागलेला. स्लॅबखालचं टेकूंचं काम तपासून इंजिनिअरनं यादीवर सही करायची आणि मगच काँक्रीट सोडायचं, असा नियम. मी सही केली होती. पंधरा मिनिटांत सलीमभाऊ पंपवाल्यासमोर दोन्ही हात आडवे करून उभे राहिले. "बंद! आधी बंद कर!" मग माझ्याकडे येऊन अगदी हळू आवाजात म्हणाले, "बाई, जरा खाली चला."

खाली कोपऱ्यातल्या सबंध एका भागात टेकू नुसते उभे होते. त्यांना एकमेकांशी बांधणारे तिरपे पाइप कोणी लावलेच नव्हते. वर ओलं काँक्रीट आणि वीसेक माणसं असती.

"चूक माझ्या गँगची हाय," सलीमभाऊ म्हणाले. "काल अर्धं काम सोडून उठले, मले सांगतलं नाई. पण बाई, तुमी इथी आल्या होत्या ना? सही हाय तुमची."

मी आठवायला लागले. त्या कोपऱ्यात मी गेले होते की नव्हते, ते मला सांगता येईना. खोटं बोलायचं म्हणून नव्हे. खरंच आठवत नव्हतं. सही करणारा हात माझा होता, एवढंच माहीत. मी सिमेंटच्या गोदामात जाऊन पोत्यांवर बसले. दुपारपर्यंत पाइप लागले, काँक्रीट झालं. प्रोजेक्ट मॅनेजर म्हणाले, "काही झालं नाही ना? मग विषय संपला." माझ्यासाठी तो तिथूनच सुरू झाला.

ज्या डॉक्टरबाईंकडे गेले त्यांनी रक्तदाब घेतला, झोपेचं विचारलं, शेवटचं कधी हसलात ते विचारलं. मग 'बर्नआउट' हा शब्द उच्चारला. मी म्हटलं, तो ऑफिसात एसीत बसणाऱ्यांना होतो. त्या म्हणाल्या, "वर्षानुवर्षं ज्याला थांबू दिलं जात नाही, आणि जो स्वतःलाही थांबू देत नाही, अशा कोणालाही होतो. तुमच्या कामात फरक एवढाच, की तुमच्या थकव्याखाली दुसरी माणसं उभी असतात." त्यांनी तीन आठवड्यांची सुट्टी लिहून दिली.

ऊर्जानगरला पोचल्यावर पहिले चार दिवस मी फक्त झोपले. आईनं उठवलं नाही. पाचव्या दिवशी दुपारी बाबा पाळीवरून आले, जेवायला बसले, आणि मी त्यांना सही-बिही सगळं सांगून टाकलं. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी ताट बाजूला सरकवलं.

"माझ्या हातूनही झालतं," ते म्हणाले. "तू लहान होती. दोन माणसं सुट्टीवर, मी लागोपाठ डबल ड्युटी करून राह्यलो होतो. बॉयलरचा भलताच व्हॉल्व्ह उघडायले गेलो. एका म्हाताऱ्या ऑपरेटरनं हात धरला माझा. नाई तं आज मी इथी बसलो नसतो."

"मग?"

"मंग काय! तवापासून पाळी संपली का वहीत लिवतो, येणाऱ्याले समजावून सांगतो, त्याची सही घेतो. मंग बॉयलर त्याचा. घरी आल्यावर मी तुमचा."

"बाबा, आमच्याकडे येणारा दुसरा कोणी नसतोच. सगळं माझ्याच डोक्यावर."

"मंग माग ना दुसरा माणूस. काऊन नाई मागत?"

"तुम्हीच म्हणाला होतात, तोंडानं बोलू नको."

"बाई," बाबा म्हणाले, "मी बढाया मारू नको म्हटलं होतं. मरून राह्यली तरी सांगू नको, असं म्हटलं होतं का मी?"

आई स्वयंपाकघरातून बोलली, "यांच्या इथी वर्षातून एकदा सबन युनिट बंद ठेवून रिपेर करतात. अन् हे पोरगी चालता चालता रिपेर होऊन राह्यली!" आम्ही तिघंही हसलो. डॉक्टरबाईंच्या प्रश्नाला मला त्या दिवशी उत्तर मिळालं.

सुट्टी संपायच्या आधी मी चिमूरला गेले. सलीमभाऊ पुण्याला साईटवरच होते, पण त्यांच्या घरी जाऊन आभार मानायचे होते. त्यांच्या बायकोनं, शबानाबाईंनी, चहा ठेवला. मी म्हटलं, तुमच्या मालकांनी वीस जणांचा जीव वाचवला. त्यांना ते ठाऊकच नव्हतं. "आमाले कुठी काय सांगतात ते," त्या म्हणाल्या. "फोनवर 'हां हां' करतात अन् बोलता बोलता झोपतात. ईदले आले तं तीन दिवस झोपूनच होते. लेकीनं इचारलं, अब्बा बिमार हायत का?"

मी मान खाली घालून चहा प्याले. मला सुट्टी लिहून द्यायला डॉक्टर होत्या. सलीमभाऊंना कोण होतं? तेही माझ्याइतकेच दिवस सलग उभे होते, माझ्यापेक्षा जड सामान उचलून. आणि त्यांची हजेरी मीच तर घेत होते.

परतल्यावर मी मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले ती एक कागद घेऊन. त्यावर लिहिलं होतं की त्या सकाळी मी न बघता सही केली, आणि का केली. खाली मागण्या: जोडीला दुसरा इंजिनिअर, पाळी बदलताना लेखी चार्ज, सलग सहा दिवसांनंतर सक्तीची सुट्टी, शटरिंगच्या गँगलासुद्धा. "हा कागद वर गेला तर तुझी नोकरी जाऊ शकते," ते म्हणाले. मी म्हटलं, माहीत आहे. या वेळी मला सगळं लख्ख आठवत होतं. त्यांनी तो पुन्हा वाचला. मग टेबलाच्या खणातून गोळ्यांची पट्टी काढून समोर ठेवली. "बीपीची. बेचाळिसाव्या वर्षी सुरू झाली," म्हणाले. "एक महिना करून बघू."

पहिले दोन आठवडे काम मागे पडलं आणि सगळे माझ्यावर वैतागले. महिनाअखेरीला एक रविवार कामात गेलाच. पण तोडून पुन्हा करायची कामं कमी होत गेली, आणि एका महिन्याचं वर्ष झालं. सलीमभाऊ पावसाळ्यात पंधरा दिवस चिमूरला राहून आले. लेकीला मार्कंड्याला नेऊन वैनगंगा दाखवून आणली म्हणाले. अजूनही गडबडीचे दिवस येतात. बिल्डरला घाई असते, ती काही माझ्या कागदानं संपत नाही. फक्त आता आम्ही त्या घाईला तोंडावर नाही म्हणतो, निदान पुष्कळदा.

पूर्वी कोणी घर कुठलं विचारलं की मी क्वार्टरचा नंबर सांगायची. बाबा निवृत्त झाले की तो नंबरही जाईल. मागच्या महिन्यात आरमोरीची एक मुलगी आमच्याकडे ज्युनिअर इंजिनिअर म्हणून लागली. तिसऱ्या आठवड्यात ती भर दुपारी साईटवरच्या माझ्या ऑफिसच्या दारात उभी राहिली, हेल्मेट काढलं आणि म्हणाली, "मॅडम, आज मले जमून नाई राह्यलं." लाजली नाही, कारणंही दिली नाहीत. मी तिला खुर्ची दिली, तिच्या हातातली यादी घेतली आणि तिच्याऐवजी खाली तपासायला गेले. जिन्यात लक्षात आलं, हे वाक्य माणूस फक्त घरी बोलतो.